एकच कुळ, इतकी रूपं: नागपूरची कुंचलपाद फुलपाखरं

प्रश्न: मी नागपुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात नेलं होतं. निळं, केशरी, काळं, मातकट अशी एकमेकांशी काहीच नातं न वाटणारी फुलपाखरं तिथे एकाच कुळातली, म्हणजे निम्फॅलिडे किंवा कुंचलपाद कुळातली, म्हणून दाखवली. मुलं विचारतात, मग ओळखायचं कशावरून? चारच पाय असतात हे खरं का? रुईवरचं आणि घोळीवरचं केशरी फुलपाखरू एकच ना? (फोटो सोबत पाठवले आहेत.) आमच्या एका पालकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. बागेतल्या अळ्या याच का, असं ते विचारत होते. आणि नागपुरात मुलांना फुलपाखरं बघायला कधी आणि कुठे नेऊ?

उत्तर:

मॅडम, मुलांची शंका रास्त आहे. या कुळात नातं ठरवायला रंग सगळ्यात कुचकामी. दोन सख्ख्या जाती रात्र आणि दिवसाइतक्या वेगळ्या दिसतात आणि ज्यांचा जवळचा संबंध नाही त्या हुबेहूब सारख्या दिसतात. तेव्हा मुलांना पहिली सवय लावा ती पंख सोडून पाय बघण्याची.

फुलावर किंवा पानावर निवांत बसलेल्या फुलपाखराकडे बाजूने बघा. कुंचलपाद असेल तर ते चार पायांवर उभं दिसेल. पाय सहाच असतात, कारण फुलपाखरू हा कीटकच आहे. पण पुढची जोडी आखूड होऊन डोक्यामागे, छातीशी चिकटून दुमडलेली असते. नरात तिच्यावर दाट केस असतात आणि टोकाची नखं नाहीशी झालेली असतात, म्हणून ती कुंचल्यासारखी दिसते. चालायला, धरायला तिचा उपयोग नाही. मादीत हे पाय थोडे कमी केसाळ असतात आणि त्यांच्या टोकाला चव घेणारे सूक्ष्म काटे असतात. अंडी घालायला आलेली मादी पानावर उतरते आणि या आखूड पायांनी पानावर भराभर टकटक करते. पानाच्या पृष्ठावरची रसायनं तिला तिथल्या तिथे कळतात. झाड चुकीचं असेल तर ती लगेच उडते. रुईजवळ घुटमळणारी मादी पाच मिनिटं शांतपणे पाहिली तर मुलांना हे स्वतः दिसेल, दुर्बिणीची गरज नाही.

चार पायांच्या नियमाला अपवाद आहेत, ते सांगून ठेवतो, नाहीतर एखादा हुशार मुलगा तुम्हाला पकडेल. जुडी नावाच्या फुलपाखरांच्या छोट्या, वेगळ्या कुळात नरांचे पुढचे पाय असेच आखूड असतात. उलट, कुंचलपाद कुळातच चोचीसारखं तोंड असलेली बीक नावाची फुलपाखरं आहेत, त्यांच्या माद्यांचे पुढचे पाय चांगले लांब आणि कामाचे असतात. म्हणून तज्ज्ञ मंडळी शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, भिंगाखाली तपासतात. या कुळात शृंगिकेच्या खालच्या बाजूने दोन लांबट पन्हाळी जातात आणि त्यामुळे तीन उभ्या कडा तयार होतात. कुळाची ही सगळ्यात खात्रीची खूण. शाळेला मात्र पायांची खूण पुरे आहे.

दुसरी सोपी खूण म्हणजे कोष. कुंचलपादांचा कोष शेपटीच्या टोकाने लटकतो, डोकं खाली. कंबरेला धागा बांधलेला नसतो. लिंबाच्या झाडावरच्या फुलपाखराचा किंवा पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांचा कोष डोकं वर करून काटकीला टेकलेला असतो आणि मधोमध रेशमाचा पट्टा असतो. लटकता कोष करणं किती जोखमीचं असतं ते एकदा बघाच. अळी आधी रेशमाची गादी विणते, तिला मागच्या पायांनी धरून उलटी लोंबते. मग कातडी फाटत वर सरकते आणि आतला मऊ, ओला कोष त्या आकसलेल्या कातडीतून आपलं आकड्यांचं शेपूट बाहेर काढून पुन्हा त्याच गादीत रुतवतो. या क्षणी त्याला धरायला हात नाही, पाय नाही. बहुतेक वेळा जमतं, हेच आश्चर्य.

आता कुळाचा पसारा. जगात फुलपाखरांच्या साधारण अठरा-एकोणीस हजार जाती आहेत आणि त्यांतल्या सहा हजारांच्या आसपास या एका कुळात. कुळाला नाव देणारा निसर्गशास्त्रज्ञ राफिनेस्क, वर्ष १८१५. जुन्या इंग्रजी पुस्तकांत टायगर आणि क्रो या फुलपाखरांचं वेगळं कुळ, तपकिरी ब्राउन फुलपाखरांचं वेगळं, कोस्टरांचं वेगळं, अशी मांडणी सापडेल. तुमच्या ग्रंथालयात तसं पुस्तक असेल तर गोंधळू नका. शरीररचना आणि पुढे डीएनए यांच्या आधारे ही सगळी कुळं एकत्र आणून आता साधारण बारा उपकुळं मानली जातात. दक्षिण अमेरिकेतलं निळंशार मॉर्फो, घुबडाच्या डोळ्यांचं आऊल, स्थलांतरासाठी गाजलेलं मोनार्क, हे सगळे आपल्या अंबाझरीच्या पॅन्सी फुलपाखरांचे चुलतच.

नागपूरचा या अभ्यासाशी जुना संबंध आहे, हे मुलांना मुद्दाम सांगा. मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची ई. ए. डि'अब्रू यांची यादी नागपूर संग्रहालयाच्या, म्हणजे आपल्या अजब बंगल्याच्या, प्रकाशनांत १९३१ साली छापली गेली. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नागपूर शहर आणि परिसरातून १४५ जाती नोंदल्या गेल्या. त्यांत सगळ्यात मोठा वाटा कुंचलपादांचा, साधारण एक तृतीयांश.

इतकी विविधता एका कुळात कशी, याचं माझं उत्तर असं: अळी काय खाते ते बघा. अळीने एखाद्या वनस्पतीच्या विषावर मात केली की तिच्यापुढे नवं घर उघडतं. त्या घरात राहायचं तर अंगावर काटे हवेत, का पानाशी एकरूप होणारा रंग हवा, का मी कडू आहे असं ओरडून सांगणारे पट्टे हवेत, हे त्या झाडावरून आणि तिथल्या शत्रूंवरून ठरत जातं. त्यामुळे कुंचलपाद शिकायचे तर फुलपाखरांच्या चित्रांपेक्षा झाडांची ओळख जास्त उपयोगी पडते. विदर्भातल्या माणसाला तर ही झाडं घरचीच आहेत.

तेंदूच घ्या. मे महिन्यात ज्याची पानं विडीसाठी तोडतात त्याच तेंदूवर बॅरोनेटची अळी वाढते. वरून विटकरी-केशरी, खालून लालसर, उन्हात जमिनीवर पंख पसरून बसणारं हे फुलपाखरू मध्य भारताच्या कोरड्या पानगळी जंगलाचं खास आहे. पेंचच्या वाटेवर बघितलेलं केशरी फुलपाखरू टायगर समजून सोडून देतात, ते बऱ्याचदा हे असतं. त्याचा भाऊबंद कॉमन बॅरन आंब्यावर. त्याची अळी मुलांना शोधायला द्या आणि मजा बघा. हिरव्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी पिसांसारखे काटे पसरलेले असतात आणि पाठीवरून फिकट पिवळी रेघ जाते. अळी पानाच्या मधल्या शिरेवर नेमकी शीर जुळवून बसते, काट्यांमुळे सावली पडत नाही आणि ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. तिसरा भाऊ गॉडी बॅरन, त्याची अळी बांडगुळावर. आंब्यावरचं बांडगूळ छाटताना माळ्याला हे ठाऊक नसतं.

चिंचेवर ब्लॅक राजा. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या चिंचा त्याच्या उपयोगाच्या. अळी हिरवी, डोक्यावर शिंगांचा मुकुट. पूर्ण वाढलेलं फुलपाखरू जाड छातीचं, वेगवान, उंचावर राहणारं, त्यामुळे क्वचितच नीट दिसतं. नाल्याकाठच्या एरंडीवर अँगल्ड कॅस्टर आणि कॉमन कॅस्टर ही जोडी, दोन्ही तांबूस, अंगावर गडद नागमोडी रेघा. अळ्या काटेरी दिसतात, पण त्या काट्यांना घाबरायचं कारण नाही. कळंबाच्या झाडावर कमांडरची अळी असते आणि तिचा उद्योग बघण्यासारखा आहे. ती पान खाताना मधली शीर शिल्लक ठेवते, तिच्यावर वाळके तुकडे आणि स्वतःची विष्ठा रेशमाने अडकवते आणि त्या कचऱ्यात कचरा होऊन बसते. कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टर. ते सावकाश उडतं, पकडलं तर पायांच्या सांध्यांतून घाण वासाचा पिवळा द्रव सोडतं, म्हणून त्याला घाई नसते. आपल्याकडचं हे साधं फुलपाखरू पूर्वेकडे पसरत पसरत २०१२ साली ऑस्ट्रेलियात पोचलं. तलावाकाठच्या तालीमखाना या वनस्पतीवर पीकॉक पॅन्सी, कोरांटीवर लेमन पॅन्सी. गवतावर आणि भातावर कॉमन इव्हनिंग ब्राउन, म्हणून भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात त्याची चंगळ. कण्हेरीवर कॉमन क्रो, ज्याला मराठीत हबशी म्हणतात. त्याचा कोष चांदी-सोन्याचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो. ही चमक रंगद्रव्याची नाही, कोषाच्या कवचातल्या अतिपातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती तयार होते.

तुमचा रुई आणि घोळीचा प्रश्न इथेच येतो. ती दोन वेगळी फुलपाखरं आहेत, पण फसलेल्यांत तुम्ही एकट्या नाही. पक्षीही फसतात, किंबहुना पक्ष्यांना फसवण्यासाठीच तो खटाटोप आहे.

रुईवरचं प्लेन टायगर, बिबळ्या कडवा. त्याची अळी रुईचा चीक पचवते आणि तिथली हृदयावर परिणाम करणारी विषं काही प्रमाणात अंगात साठवते. प्रौढ नर पुढे खुळखुळा, भुरुंडी अशा वनस्पतींच्या वाळलेल्या भागांवर जमतात आणि तिथून वेगळी कडू द्रव्यं शोषतात. ती बचावाला उपयोगी पडतात आणि मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायलाही लागतात. अशा कडू फुलपाखराला लपायची गरज नाही. ते सावकाश, मिरवत उडतं. त्याची कातडी चिवट असते, पक्ष्याने चोच मारून थुंकलं तर बऱ्याचदा ते जिवंत निसटतं आणि पक्षी मात्र धडा शिकतो.

या धड्याचा फायदा दुसराच कोणी उचलतो. तो म्हणजे डॅनेड एगफ्लाय. याची अळी घोळीवर वाढते, तीच घोळ जिची आपण भाजी करतो. त्यात विष नाही आणि हे फुलपाखरूही पक्ष्याला चवदार. पण मादीने प्लेन टायगरचा सगळा पोशाख उचलला आहे, केशरी पंख, काळी टोकं, टोकावर पांढरा पट्टा, उडण्याची सावकाश चाल सुद्धा. नर अगदीच वेगळा, काळाकुळकुळीत, पंखांवर पांढरे टपोरे ठिपके आणि त्यांच्याभोवती कोन बदलला की चमकणारी निळी-जांभळी कडा. नवख्या माणसाला नर-मादी एका जातीची आहेत हे सांगितलं तर तो विश्वास ठेवत नाही.

दोन्ही केशरी फुलपाखरं ओळखायची कशी? मागचा पंख बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लाय मादीला एकच ठिपका, तोही पंखाच्या वरच्या कडेजवळ. शिवाय टायगरचं डोकं आणि छाती काळी, त्यावर पांढरे टिपके शिंपडलेले. फोटोत हे स्पष्ट दिसतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी घोळीवरचा दुसरा फोटो एगफ्लाय मादीचाच आहे.

खाण्याजोग्या प्राण्याने कडू प्राण्याचं रूप घेणं, ही कल्पना हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ साली अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून मांडली. नंतर फ्रिट्झ म्युलर यांनी त्याच खंडातून दुसरी बाजू दाखवली: दोन्ही जाती कडूच असतील तरी त्यांनी एकसारखं दिसणं दोघींच्या फायद्याचं असतं, कारण पक्ष्याला शिकवण्याचा खर्च वाटला जातो. स्ट्राइप्ड टायगर, प्लेन टायगर यांचा सारखेपणा त्या अंगाने बघता येतो. आणि बेट्सच्या प्रकारात एक गोम आहे. नकलाकार फार झाले तर पक्ष्यांना गोड घास जास्त मिळू लागतात आणि फसवणूक उघडी पडते. म्हणून नक्कल बहुधा अस्सलापेक्षा विरळ असते. सेमिनरी हिल्सवर वर्गातल्या मुलांकडून पावसाळ्यानंतर दर आठवड्याला दोन्हींची मोजणी करून घेतली, तर विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला प्रकल्प मला तरी सुचत नाही.

एगफ्लायचा मोठा भाऊ, ग्रेट एगफ्लाय, त्याची मादी हबशीसारखी दिसते. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, नागपूरशी तिचा संबंध नसला तरी. सामोआ बेटांवर या फुलपाखराच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू होते. ते नर अंड्यांतच मारायचे. २००१ साली तिथे नरांचं प्रमाण जेमतेम एक टक्का उरलं होतं. पाचच वर्षांत, २००६ पर्यंत, ते चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं, कारण जिवाणूंना दाबून टाकणारं एक जनुक त्या लोकसंख्येत झपाट्याने पसरलं. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं पाठ्यपुस्तक शिकवतं. इथे फुलपाखराच्या दहा-एक पिढ्यांत निकाल लागला.

मुलांचा आणखी एक गोंधळ होणार आहे, तो आधीच सांगतो. पावसाळ्यात ज्या फुलपाखराच्या पंखाखाली ठळक डोळे होते, तेच डिसेंबरात वाळक्या पानासारखं दिसेल आणि मुलं त्याची नोंद वेगळी जात म्हणून करतील. कॉमन इव्हनिंग ब्राउन, बुशब्राउन आणि पीकॉक पॅन्सी यांत हा फरक अगदी ठळक असतो. पीकॉक पॅन्सीचं पावसाळी रूप गोलसर पंखांचं, खालूनही डोळे असलेलं. कोरड्या हंगामातलं रूप टोकदार पंखांचं, मागे देठासारखं लहान शेपूट, मधून पानाची शीर भासावी अशी रेघ. जनुकं तीच. अळी वाढत असताना आणि कोष होण्याच्या सुमारास हवा उबदार की थंड, दिवस मोठा की लहान, यावरून शरीरातल्या संप्रेरकाच्या स्रवण्याची वेळ पुढे-मागे होते आणि पंखाचा आराखडा बदलतो.

कारण समजायला नागपूरची हवा आठवावी. जून ते सप्टेंबर सगळं हिरवं, तपकिरी फुलपाखरू लपणार कुठे? तेव्हा पंखाच्या कडेचे डोळे कामाला येतात. सरडा किंवा प्रार्थनाकीटक डोळ्यावर झडप घालतो, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. दिवाळीनंतर साग-तेंदूची पानं गळू लागली की जमीनच तपकिरी होते. मग पानासारखं बनून हलायचं नाही, हाच शहाणपणा. या काळातल्या कितीतरी माद्या अंडी घालणंही लांबवतात, कारण अळ्यांना कोवळं गवत पुढच्या पावसाशिवाय मिळणार नाही. पानाच्या नकलेचा कळस बघायचा तर सातपुड्यात पचमढीकडे जावं लागेल, ऑरेंज ओकलीफसाठी. वरून निळं-केशरी, पंख मिटले की देठासकट, बुरशीच्या डागांसकट पान. २०२० साली राष्ट्रीय फुलपाखरू निवडण्यासाठी लोकांची मतं घेतली गेली, तेव्हा शेवटच्या यादीत तेही होतं.

पंखावरच्या डोळ्यांबाबत एक बारीक भेद. कडेचे छोटे डोळे घाव चुकवायला, आणि मोठे, ठळक डोळे घाबरवायला. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली पीकॉक पॅन्सीच्या मोठ्या डोळ्यांची परीक्षा घेतली. काही फुलपाखरांचे डोळे रंगवून झाकले, काहींचे तसेच ठेवले आणि पक्ष्यांपुढे ठेवली. डोळे शाबूत असलेली जास्त वाचली.

आणि तरी या सगळ्या नक्षींच्या मुळाशी एकच आराखडा आहे. बोरिस श्वानविच यांनी १९२४ साली आणि फ्रिट्झ झ्युफर्ट यांनी १९२७ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिलं की कुंचलपादांच्या पंखांवरचे पट्टे आणि डोळे हे ठरावीक ओळींच्या एका मूळ मांडणीचे फेरफार आहेत. एकच बंदिश वेगवेगळ्या गवयांनी गावी तसं. एखाद्यात डोळ्यांची ओळ मोठी होते, एखाद्यात मधले पट्टे सरळ रेषेत येऊन पानाची शीर बनतात, एखाद्यात जवळपास सगळंच पुसलं जातं. वर्गात लेमन पॅन्सी, कमांडर आणि इव्हनिंग ब्राउनचे पंखाच्या खालच्या बाजूचे फोटो शेजारी ठेवून मुलांना सारख्या ओळी शोधायला लावा. पंखांतलं नातं असं दिसतं, रंगातून नाही.

आता संत्र्याची बाग. पालकांना निश्चिंत करा. संत्र्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी लाइम बटरफ्लायची. ते पुच्छ फुलपाखरांच्या, म्हणजे पॅपिलिओनिडे कुळातलं, सहा पूर्ण पायांचं. डिवचल्यावर डोक्यामागून केशरी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते ती हीच. रोपवाटिकेत आणि लहान झाडांवर तिचा त्रास खरा आहे, मोठ्या झाडाला फारसा नाही. आंबिया बहाराची फळं पिकू लागल्यावर भोकं पडून गळतात, त्याचं खापर कधी कधी फुलपाखरांवर फुटतं. ते काम रात्री येणाऱ्या रसशोषक पतंगांचं. त्यांच्या सोंडेचं टोक कठीण आणि दातेरी असतं, सालीतून आरपार जातं. कुंचलपादांची सोंड मऊ, तिला आधीच फुटलेलं किंवा सडलेलं फळ लागतं.

तशी फळं मात्र त्यांना फार प्रिय. राजा, नवाब, बॅरन, कमांडर, इव्हनिंग ब्राउन ही मंडळी फुलांकडे क्वचित फिरकतात. झाडाचा आंबलेला रस, जनावरांचं शेण, सडकी फळं हे त्यांचं जेवण. दोन-चार अतिपिकली केळी आणि उरलेली संत्री एका पसरट ताटात दोन दिवस आंबवून शाळेच्या झाडाखाली ठेवा, जी फुलपाखरं बागेत वर्षभर दिसली नाहीत ती तिथे उतरतील. ओल्या चिखलावर जमणारे बहुतेक नर असतात, ते क्षार शोषतात आणि मिलनाच्या वेळी त्यांतला काही भाग मादीला देतात.

प्रवासाबद्दल थोडं. मोनार्क कॅनडापासून मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत जातं हे मुलांनी ऐकलेलं असेल. आपल्याकडेही दिसणारं पेंटेड लेडी त्याहून अचाट आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर थकलेली पेंटेड लेडी सापडली. अंगावरचे परागकण, डीएनए आणि पंखांतल्या मूलद्रव्यांचा माग काढून संशोधकांनी २०२४ साली निष्कर्ष मांडला की ती वाऱ्याच्या मदतीने पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून, किमान ४,२०० किलोमीटर, आली होती.

नागपुरात कधी आणि कुठे नेऊ, असंही तुम्ही विचारलंत. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, सकाळी नऊ ते अकरा. त्याआधी पंख तापलेले नसतात, त्यानंतर मुलं तापतात. अंबाझरी उद्यानाचा गवताळ भाग आणि तलावाकाठ पॅन्सींसाठी उत्तम. मुरमाड उघड्या जमिनीवर ब्लू पॅन्सीचा नर हमखास. गोरेवाड्याच्या बाजूने झाडी दाट, तिथे बॅरन, कमांडर, सेलर. महाराजबागेत जुनी झाडं असल्याने सावलीत बसणारी तपकिरी फुलपाखरं बघा. इव्हनिंग ब्राउनसाठी कुठे जायची गरज नाही, संध्याकाळी ट्यूबलाइटकडे घरात तेच शिरतं. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस डिग्रीत सहल काढू नका, पाणवठ्याजवळ दोन-चार जाती सोडल्या तर हाती काही लागत नाही. जाळी घेऊन पकडणं टाळा. काही फुलपाखरांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, वर सांगितलेलं डॅनेड एगफ्लाय १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बरीच वर्षं होतं. मोबाइलचा फोटो, वरून एक आणि बाजूने एक, आणि खाली झाडाचं नाव, एवढं पुरतं.

शाळेच्या आवारात जागा असेल तर शोभेची परदेशी फुलझाडं लावण्याआधी कण्हेर, कृष्णकमळाचा वेल, कोरांटी आणि कोपऱ्यात एखादी एरंडी लावा. घोळ आपोआप येते, फक्त माळ्याला ती उपटू नको म्हणून सांगा. रुई आणि कण्हेरीचा चीक विषारी असतो, मुलांनी डोळ्यांना हात लावायच्या आधी साबणाने धुवायला हवेत. एरंडीच्या बिया तर त्याहून घातक, शेंगा धरल्या की काढून टाका.

हबशीची अळी वर्गात वाढवणं सोपं आहे. मोठी बरणी, तोंडावर जाळीचं कापड, रोज कण्हेरीची ताजी कोवळी पानं, आणि लटकायला एक उभी काडी. पाण्याचा फवारा नको, बुरशी येते. कोष झाल्यावर आठ-दहा दिवसांत तो काळपट पडतो आणि आतले पंख दिसू लागतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर पडणार. पंख ताठ व्हायला दोन-तीन तास लागतात, त्या वेळात बरणी हलवू नका, काडी आडवी करू नका, नाहीतर पंख चुरगळलेलेच वाळतात. बाहेर आल्यावर ते लालसर-तपकिरी थेंब टाकतं. मुलं ते रक्त समजून घाबरतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा की तो कोषात साठलेला टाकाऊ द्रव असतो.